दस्तऐवजातील दुवा : दिसणारे शब्द आणि त्यांमागचा पत्ता

नवी दिल्ली : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत संदर्भादाखल दिलेल्या वेबपत्त्यांची तपासणी हार्वर्ड विद्यापीठातील जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सुमारे ५० टक्के पत्ते मूळ संदर्भापर्यंत पोहोचवत नव्हते. निकाल कायम होता, त्याचे बंधन कायम होते. मात्र तो ज्या आधारांवर उभा होता, त्यांतील काही वाचकाला पाहता येत नव्हते. न्यायालयाच्या दप्तराची ही स्थिती असेल, तर सामान्य नागरिकाच्या अर्जातील, विद्यार्थ्याच्या प्रबंधातील किंवा कार्यालयाच्या परिपत्रकातील दुव्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

शब्दप्रक्रिया प्रणालीत तयार केलेल्या मजकुराला क्लिक करण्याजोगा दुवा जोडणे हे काही सेकंदांचे काम आहे. तो दुवा योग्य ठिकाणी नेणारा, सर्वांना वापरता येणारा आणि काही वर्षांनीही उपयोगी पडणारा असावा, यासाठी मात्र थोडी अधिक माहिती लागते.

दोन ठिकाणी साठवलेली एक गोष्ट

एका मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे थेट जाता यावे, ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अशा जोडलेल्या मजकुरासाठी ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरला. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब साकारले आणि दुवा हा त्याचा कणा ठरला. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ९७’ या संचाबरोबर ही सोय वर्डच्या दस्तऐवजांतही आली.

प्रत्येक दुव्याचे दोन भाग असतात. वाचकाला दिसणारे शब्द हा पहिला आणि क्लिक केल्यावर संगणक ज्या ठिकाणी जातो तो पत्ता हा दुसरा. वर्डच्या आजच्या ‘डॉकएक्स’ स्वरूपातील फाइल ही वस्तुतः अनेक छोट्या फाइलींचे एक गाठोडे असते. त्यात लेखकाने टंकलेला मजकूर एका फाइलीत, तर दुव्यांचे पत्ते बहुधा वेगळ्या फाइलीत नोंदलेले असतात. दोहोंची सांगड एका क्रमांकाने घातली जाते. त्यामुळे दिसणारे शब्द बदलले तरी पत्ता तोच राहू शकतो आणि पत्ता बदलला तरी शब्द जसेच्या तसे राहतात. दुव्यांची सारी सोय या रचनेत आहे आणि त्यांतून उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच आहे.

दुवा जोडण्याची रीत

मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर आणि गुगल डॉक्स या तिन्ही प्रचलित प्रणालींत दुवा जोडण्याची कळ एकच आहे. ज्या शब्दांना दुवा द्यायचा ते शब्द निवडावेत आणि कळफलकावरील ‘कंट्रोल’ व ‘के’ या कळा एकत्र दाबाव्यात. ॲपलच्या संगणकावर ‘कंट्रोल’ऐवजी ‘कमांड’ ही कळ वापरावी. उघडणाऱ्या चौकटीत पत्ता भरून मान्यता दिली की दुवा तयार होतो. कळा लक्षात राहत नसतील, तर ‘इन्सर्ट’ या विभागात वर्ड आणि गुगल डॉक्समध्ये ‘लिंक’, तर लिबरऑफिसमध्ये ‘हायपरलिंक’ हा पर्याय सापडतो.

पत्ता हाताने टंकण्यापेक्षा ब्राउझरच्या पत्तापट्टीतून नक्कल करून आणणे श्रेयस्कर. एखादे अक्षर किंवा तिरकी रेषा चुकली तरी दुवा निष्फळ ठरतो. शोधयंत्राच्या निकालयादीतून पत्ता उचलू नये. पान प्रत्यक्ष उघडून, ते हवे तेच आहे याची खात्री करून मगच पत्ता घ्यावा.

दुवा केवळ बाहेरच्या संकेतस्थळाकडेच जातो असे नाही. ई-मेलचा पत्ता जोडल्यास क्लिकसरशी नवे पत्र लिहिण्याची खिडकी उघडते. त्याच दस्तऐवजातील एखाद्या प्रकरणाकडे किंवा तक्त्याकडेही दुवा नेता येतो. त्यासाठी प्रकरणांच्या शीर्षकांना केवळ ठळक न करता प्रणालीतील ‘हेडिंग’ ही शैली लावावी लागते. एकदा ती लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते आणि तिच्यातील प्रत्येक ओळ हा अंतर्गत दुवा होतो. दोनशे पानांचा प्रबंध किंवा जोडपत्रांनी भरलेली याचिका वाचणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. अनेक न्यायालयांच्या ई-फायलिंगमध्ये पीडीएफला बुकमार्क असणे अपेक्षित असते, त्याचे कारणही हेच.

पत्ता टंकून ‘स्पेस’ किंवा ‘एंटर’ दाबताच वर्ड तो स्वतःहून दुव्यात रूपांतरित करते. ते नको असल्यास लगेच ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ दाबावे. मजकूर राहतो, दुवा निघून जातो. आधीपासून असलेला दुवा काढण्यासाठी त्यावर उजवे क्लिक करून ‘रिमूव्ह हायपरलिंक’ हा पर्याय निवडावा.

मराठी मजकुरातील अडचणी

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ही भाषेची प्रकृती आहे. मात्र संगणकाला ती ठाऊक नसते. वेबपत्ता लिहून त्याला लागूनच ‘वर’, ‘वरून’ किंवा ‘मध्ये’ लिहिल्यास प्रणाली त्या प्रत्ययालाही पत्त्याचाच भाग समजू शकते. पत्ता दिसायला बरोबर असतो, पण क्लिक केल्यावर अस्तित्वात नसलेल्या पानाकडे नेतो. पत्त्यानंतर जागा सोडून ‘या संकेतस्थळावर’ असे लिहिणे हा यावरचा सोपा उपाय. शासकीय मराठीत रूढ असलेली ही शब्दयोजना येथे तांत्रिकदृष्ट्याही अचूक ठरते.

शब्दांवर दुवा देताना संपूर्ण शब्द, प्रत्ययासह, निवडावा. ‘अधिनियमातील’ या शब्दाच्या केवळ पूर्वार्धावर दुवा दिला आणि निवड नेमकी एखाद्या जोडाक्षराच्या किंवा स्वरचिन्हाच्या मध्ये थांबली, तर अक्षर विस्कटून दिसू शकते. शब्दावर दोनदा क्लिक केल्यास बहुधा पूर्ण शब्द निवडला जातो.

तिसरी अडचण लांबलचक पत्त्यांची. ज्या पानांच्या पत्त्यात देवनागरी शब्द असतात, त्यांची नक्कल केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली एक अगम्य माळ हाती येते. त्यात बिघाड काही नसतो. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ४५ अक्षरे होतात. अशी माळ वाचकासमोर उघडी ठेवण्यापेक्षा तिला नेमक्या शब्दांमागे ठेवणे इष्ट. ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. अशा नावाचा पत्ता काही ठिकाणी रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात दिसतो. तोही त्याच स्थळाचा पत्ता असतो.

मजकूर युनिकोडमध्ये असणेही आवश्यक आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली अक्षरे डोळ्यांना देवनागरी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असतात. त्यांवर दिलेला दुवा चालेल. मात्र त्याचे नाव शोधता येणार नाही आणि वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्याचा उच्चारही करता येणार नाही.

‘येथे क्लिक करा’ का टाळावे

दुव्याला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न शैलीपुरता मर्यादित नाही. दृष्टिहीन वाचक ‘स्क्रीन रीडर’ या वाचक-प्रणालीच्या साहाय्याने मजकूर ऐकतात. विनामूल्य उपलब्ध असलेल्या ‘एनव्हीडीए’सारख्या प्रणालींत पानावरील सर्व दुव्यांची यादी स्वतंत्रपणे ऐकता येते. डोळस वाचक ज्याप्रमाणे पानावरून नजर फिरवतो, तसाच हा प्रकार. त्या यादीत सात वेळा ‘येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू आले, तर कोणता दुवा अर्जाचा, कोणता शुल्काचा आणि कोणता शेवटच्या तारखेचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही. उघडा पत्ता ठेवला, तर प्रणाली त्यातील अक्षरे आणि चिन्हे एकामागून एक उच्चारत राहते.

म्हणूनच संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांतून किंवा लगतच्या संदर्भातून स्पष्ट व्हावा, ही अपेक्षा मूलभूत स्तरावर ठेवली आहे. भारतात दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ या कायद्याने माहिती आणि संप्रेषणाच्या सुगम्यतेचे दायित्व अधोरेखित केले आहे. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज (पीडीएफ)’, ‘परीक्षेचे वेळापत्रक’, ‘माहिती अधिकार अधिनियमाचा मूळ मजकूर’ अशी नावे दिल्यास दृष्टिहीन वाचकाची सोय होतेच. घाईत वाचणाऱ्या डोळस वाचकालाही पुढे काय उघडणार, हे आधीच समजते. दुवा केवळ रंगाने वेगळा न दाखवता अधोरेखितही ठेवावा, कारण रंगभेद न जाणवणाऱ्या वाचकाला अधोरेषा हीच खूण असते.

आपल्या संगणकावर चालणारा दुवा

लिहिणाऱ्याच्या संगणकावर निर्वेध चालणारा दुवा दुसरीकडे गेल्यावर बंद पडतो, याची कारणे प्रामुख्याने चार.

पहिले, दुवा संकेतस्थळाकडे न जाता स्वतःच्या संगणकातील फाइलीकडे जात असतो. तो पत्ता त्या एका यंत्रापुरताच खरा असतो. प्राप्तकर्त्याच्या संगणकावर ती फाइल नसते. अशी फाइल सोबत जोडावी किंवा इंटरनेटवर ठेवून तिचा पत्ता द्यावा.

दुसरे, परवानगी. गुगल ड्राइव्हवर ठेवलेली फाइल सामान्यतः मर्यादित प्रवेशाची असते. मालकाला ती उघडते, इतरांना मात्र परवानगी मागणारा फलक दिसतो. नोकरीच्या अर्जात प्रमाणपत्रांचा असा दुवा दिला आणि प्रवेश खुला केला नाही, तर निवड समितीच्या दृष्टीने ती प्रमाणपत्रे जोडलेलीच नसतात. याउलट, दुवा असलेल्या कोणालाही प्रवेश दिला, तर तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल दिसते. ओळखपत्रांच्या प्रती अशा रीतीने खुल्या ठेवणे धोक्याचे आहे; शक्य तेथे नेमक्या ई-मेल पत्त्यालाच प्रवेश द्यावा.

तिसरे, पीडीएफ करण्याची पद्धत. वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्सपोर्ट’ या मार्गाने पीडीएफ केल्यास दुवे कायम राहतात. तीच फाइल विंडोजच्या ‘प्रिंट टू पीडीएफ’ या मार्गाने केल्यास हाती बहुधा केवळ छपाईचे चित्र येते. शब्द निळे दिसतात, पण त्यांमागे पत्ता नसतो. छापून पुन्हा स्कॅन केलेल्या प्रतीत तर दुवे राहण्याचा प्रश्नच नाही.

चौथे, कागद. छापील पानावर ‘मूळ अहवाल’ हे शब्द अधोरेखित दिसतील, पण अहवाल कोठे आहे हे कळणार नाही. जो दस्तऐवज छापला जाण्याची शक्यता आहे, त्यात महत्त्वाचे पत्ते तळटीपेत उघडपणे द्यावेत. पत्ता फारच लांब असेल, तर संकेतस्थळाचे मुख्य नाव आणि तेथे मजकूर शोधण्याची वाट सांगावी.

दुवे का मोडतात

दुवा हा दुसऱ्याच्या जागेकडे बोट दाखवतो. त्या जागेवर लेखकाचा ताबा नसतो. संकेतस्थळाची पुनर्रचना होते, विभागाचे नाव बदलते, संस्था बंद पडते किंवा फाइल नव्या ठिकाणी हलवली जाते आणि जुना पत्ता निरर्थक होतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. त्याच पाहणीत विकिपीडियाच्या तपासलेल्या पानांपैकी ५४ टक्के पानांच्या संदर्भयादीत किमान एक मोडका दुवा आढळला.

लघुरूप पत्त्यांच्या बाबतीत हा धोका दुहेरी असतो. मूळ पान टिकले, तरी मधला मध्यस्थ बंद पडल्यास वाट खुंटते. गुगलने आपली लघुरूप पत्त्यांची सेवा २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी बंद केली आणि जुने दुवेही २०२५ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. पुढे वापरात असलेले दुवे सुरू ठेवण्याचा निर्णय झाला. परंतु दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजात लघुरूप पत्ता वापरू नये, हा धडा त्यातून मिळाला.

यावर उपाय आहेत आणि त्यांतील एक महाराष्ट्रातील वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे नमूद करून त्याचा संकेतांक दिला जातो. संकेतस्थळाची रचना बदलली आणि त्या फाइलीचा जुना पत्ता निकामी झाला, तरी संकेतांकावरून निर्णय शोधता येतो. म्हणजे वाचकाला केवळ वाट दिली जात नाही, तर वाट बंद झाल्यास विचारण्याजोगे नावही दिले जाते. अर्जात किंवा लेखात शासन निर्णयाचा दुवा देताना विभाग, दिनांक आणि संकेतांक सोबत लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे.

संशोधनक्षेत्रात हेच कार्य ‘डीओआय’ हा स्थायी ओळख-क्रमांक करतो. शोधनिबंध एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेला, तरी हा क्रमांक बदलत नाही. त्यामागचा पत्ता तेवढा अद्ययावत केला जातो. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा संग्रह असलेल्या ‘शोधगंगा’वरही प्रबंधांना ‘हँडल’ प्रणालीतील स्थायी पत्ते दिलेले असतात. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पत्त्याऐवजी हा स्थायी पत्ता संदर्भात द्यावा.

ज्या पानाला असा क्रमांक नाही, त्याची प्रत जतन करता येते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’वर २००१ पासून जुनी वेबपाने सर्वांना पाहता येतात. तेथे एखाद्या पानाचा पत्ता देऊन त्याची त्या दिवसाची प्रत साठवण्याची विनंतीही करता येते. मूळ दुव्यासोबत या साठवलेल्या प्रतीचा दुवा आणि पान पाहिल्याची तारीख दिल्यास पुढील वाचकाला दुसरी वाट उपलब्ध राहते.

शब्द एक, पत्ता दुसरा

दिसणारे शब्द आणि त्यांमागचा पत्ता स्वतंत्र असल्याचा गैरफायदाही घेतला जातो. बँकेचे किंवा शासकीय संकेतस्थळाचे नाव दिसणाऱ्या शब्दांत लिहून त्यामागे भलताच पत्ता ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अत्यंत सोपे आहे. ‘केवायसी अद्ययावत करा’ किंवा ‘दंडाची पावती पाहा’ अशा मजकुराच्या फाइली पाठवून होणारी फसवणूक याच रचनेवर आधारलेली असते.

संगणकावर दुव्यावर माउस नेऊन थांबल्यास खरा पत्ता दिसतो; मोबाइलवर दुवा दाबून धरल्यास तो पाहता येतो. मात्र वर्डमध्ये माउस नेल्यावर दिसणारी सूचनाही लेखकाला स्वतःच्या शब्दांत लिहिता येते आणि तसे केल्यास खऱ्या पत्त्याऐवजी ते शब्दच दिसतात. त्यामुळे शंका असल्यास दुव्यावर उजवे क्लिक करून पत्त्याची नक्कल करावी, ती कोऱ्या पानावर चिकटवावी आणि मगच वाचावी.

पत्ता वाचताना सुरुवातीच्या नावावर विसंबू नये. ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढील दोन तिरक्या रेषांनंतर जी पहिली तिरकी रेषा येते, तिच्या लगतच्या डावीकडील भाग निर्णायक असतो. बँकेचे नाव आरंभी असले आणि या जागी परके नाव असले, तर ते स्थळ त्या परक्याचे असते. भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठी ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट राखीव आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रनामाकडे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतरित होण्याचे निर्देश दिले होते, त्यामागेही ग्राहकाला खरा पत्ता ओळखता यावा हाच उद्देश होता. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

प्रामाणिक लेखकासाठीही यात एक सूचना आहे. बँक, न्यायालय किंवा शासनाचा दुवा देताना संस्थेचे नाव आणि पत्ता दोन्ही वाचकाला दिसतील अशी व्यवस्था केल्यास तो क्लिक करण्यापूर्वी पडताळणी करू शकतो.

पाठवण्यापूर्वी

दस्तऐवज पूर्ण झाल्यावर त्याची प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून उघडावी आणि प्रत्येक दुव्यावर एकदा क्लिक करावे. वर्डमध्ये त्यासाठी ‘कंट्रोल’ कळ दाबून क्लिक करावे लागते. परवानगीचा अडसर, स्वतःच्या संगणकापुरता पत्ता, प्रत्ययामुळे बिघडलेला दुवा किंवा पीडीएफमधून गळालेला पत्ता, यांपैकी बहुतेक दोष या एका तपासणीत उघड होतात. लांब अहवालात शेकडो दुवे असतील, तर ज्यांवर निष्कर्ष किंवा मागणी अवलंबून आहे ते दुवे आधी तपासावेत आणि त्यांच्यासोबत ग्रंथनाम, दिनांक, क्रमांक असा संपूर्ण संदर्भ शब्दांत लिहावा.

छापील ग्रंथातील तळटीप शंभर वर्षांनीही उपयोगी पडते, कारण तिच्यात लेखक, ग्रंथ, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठ यांचा उल्लेख असतो. ग्रंथ एका ग्रंथालयात नसला तर दुसऱ्यात शोधता येतो. दुव्याने वाचकाचा तो शोध वाचवला आहे. दुव्यासोबत हा उल्लेखही ठेवला, तर पत्ता बदलल्यावरही वाचकाला मूळ मजकूर शोधून काढता येतो.